बिऱ्हाड ट्रंकेत, वही पिशवीत

फिरोजपूरहून जबलपूरला आमची बदली झाली, तेव्हा जून संपत आला होता. सामानाचा ट्रक आमच्यामागून नऊ दिवसांनी पोचला. वाटेत कुठेतरी ताडपत्री फाटली होती. काळ्या ट्रंका एकेक करून उतरवल्या, तर तिसऱ्या ट्रंकेच्या कडेतून पाणी ठिबकत होतं. तिच्यात मुलांचे स्वेटर होते, सासूबाईंनी शिवलेली गोधडी होती आणि तळाशी माझ्या कथांच्या दोनशे पानी दोन वह्या होत्या, शाईच्या पेनाने लिहिलेल्या. पान उघडलं की नुसता निळा ढग दिसायचा. मधेच एखादा काना, एखादी वेलांटी शाबूत. गोधडी वाळली, स्वेटर धुऊन निघाले. सात कथा गेल्या त्या गेल्याच.

पुढे कितीतरी दिवस मी ट्रकवाल्याला दोष देत होते. मग एका रात्री स्वतःलाच विचारलं, वह्या ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या कुणी? मीच. ‘तिकडे गेल्यावर घर लागलं की लिहू’ असं म्हणून बांधाबांधीच्या पहिल्याच दिवशी त्या तळाशी गेल्या होत्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि हे वाक्य मी चौथ्यांदा म्हणत होते.

तुमचे यजमान फौजेत असतील आणि तुमच्या मनात लिहायचं असेल, तर या लेखातली एवढी एक गोष्ट तरी धरून ठेवा. फौजी घरात ‘सगळं लागलं’ असा दिवस येत नाही. पडदे शिवून होतात, मुलांना शाळेत मित्र मिळतात, भाजीवाला ओळखायला लागतो आणि पुढच्या बदलीची कुणकुण येते. म्हणून लेखन घर लागण्यावर सोडायचं नाही. बिऱ्हाडासारखंच तेही उचलून नेता येईल असं बांधायचं. ह्यांची अठ्ठावीस वर्षांची नोकरी झाली. त्यात सहा ठिकाणी क्वार्टर लावली आणि मधली अकरा वर्षं मुलांना घेऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी सासूसासऱ्यांपाशी राहिले. माझे दोन कथासंग्रह याच काळात झाले. त्यातून जे हाती लागलं ते पुढे मांडते.

आधी त्याला काम म्हणा

घरातले लोक आपल्या लेखनाला तेवढंच मानतात, जेवढं आपण मानतो. मी बरीच वर्षं ‘जरा खरडत बसले होते’ असं म्हणायचे. मग कुणीही, कधीही हाक मारायचं आणि त्यात त्यांची चूक नव्हती. ज्या दिवशी सासूबाईंना सांगितलं, ‘आत्या, मला दुपारी दोन ते साडेतीन काम आहे,’ त्या दिवसापासून दारात आलेल्या बाईला त्याच सांगू लागल्या, ‘ती कामात आहे, बस जरा.’ त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पण काम म्हणजे काय, ते त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

फौजेचं वर्ष आणि लेखकाचं वर्ष

बदल्या बहुधा मुलांच्या शाळेच्या वर्षाअखेरीला धरून होतात. मार्च ते जून आपला जीव सामानात असतो. खोकी ठोकून घ्यायची, ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव घालून घ्यायचं, क्वार्टर सोडताना एमईएसच्या माणसासमोर पंखे, नळ, कड्या मोजून द्यायच्या, शाळेचे दाखले काढायचे आणि नव्या ठिकाणी क्वार्टर मिळेपर्यंत एका खोलीत स्टोव्ह मांडायचा.

मराठी लेखकाचा हंगामही नेमका तेव्हाच असतो. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखनाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. संपादकांची पत्रं साधारण मे-जूनमध्ये येतात आणि मजकूर जुलैत, फार तर ऑगस्टमध्ये हवा असतो. म्हणजे खोकी फोडायची वेळ आणि कथा द्यायची वेळ एकच. दरवर्षी संपादकांना ‘बदलीमुळे जमलं नाही’ असं कळवत राहिलं, तर दोन-तीन वर्षांनी पत्र यायचं बंद होतं. त्यांना अंक काढायचा असतो.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. दिवाळी अंकाची कथा आदल्या हिवाळ्यात लिहायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने त्यातल्या त्यात थारा असलेले. कच्चा खर्डा तेव्हा पुरा करा, फेब्रुवारीअखेर पक्की प्रत काढा आणि बदलीचा हुकूम येवो न येवो, मार्चमध्ये ती आपल्याजवळ तयार असू द्या. जूनमध्ये पत्र आलं की एकदा वाचून पाठवायची, एवढंच उरतं. पहिल्या वर्षी हे जड जातं, कारण दिवाळी नुकतीच झालेली असते आणि पुढची फार लांब वाटते. एकदा चक्र बसलं की सोपं आहे.

मग मार्च ते जून लेखन बंद ठेवायचं का? नाही, फक्त त्याचा आकार बदलायचा. या महिन्यांत रोज पाच ओळी, त्याहून जास्त मागायचं नाही. आणि नव्या गावातले पहिले पंधरा दिवस तर हातचे सोडूच नका. तिथल्या पाण्याची चव, शेजारीण मुलाला कोणत्या शब्दांत रागावते, बाजारात माप कसं घालतात, संध्याकाळी बिगूल कुठल्या बाजूने ऐकू येतो, हे सगळं आपल्याला पहिल्या पंधरवड्यातच दिसतं. पुढे डोळे सरावतात. माझ्या निम्म्या कथांची सुरुवात अशा पाच ओळींतून झाली आहे. बदलीने वेळ नेला खरा, पण हा माल बदलीनेच दिला.

वेळ कुठे सापडतो

क्वार्टरमध्ये असताना माझी वेळ ठरलेली होती. हे पहाटे पीटीला निघाले की मुलं उठेपर्यंत पाऊण तास. गावी असताना दुपारची जेवणं आटोपल्यावर दीड तास. याहून मोठा सलग वेळ मला क्वचितच मिळाला. म्हणून वेळ मोठा करण्यापेक्षा काम लहान करायला शिकले.

कामाचे तीन ढीग करा. जड काम म्हणजे नवीन लिहिणं. त्याला तुमची सगळ्यात शांत वेळ द्या. मध्यम काम म्हणजे लिहिलेलं दुरुस्त करणं. ते कणीक तिंबून झाल्यावर, भात शिजेपर्यंतही होतं. हलकं काम म्हणजे पक्की प्रत काढणं, मुद्रितं तपासणं, संपादकांना पत्र लिहिणं. ते एमएचच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत, शाळेच्या बसची वाट बघताना, रेल्वेच्या आरक्षणाच्या रांगेतही करता येतं. वीस मिनिटांत नवी कथा सुरू करायला जाऊ नका. हाती काही लागत नाही आणि आपल्याला लिहिता येत नाही असं उगाच वाटायला लागतं.

उठताना एक चिठ्ठी लिहायची. माझी चिठ्ठी पिठाच्या डब्यावर चिकटवलेली असायची: ‘पुढे: माई विहिरीवर जाते. दोर तुटतो. सखू बघते पण बोलत नाही.’ पोळ्या करताना, डबे भरताना ती नजरेसमोर राहायची. सखू का बोलत नाही, ते दुसऱ्या दिवशी पहाटे वही उघडण्याआधी बहुतेक वेळा मला कळलेलं असायचं.

मुलं लहान असतील तर शेजारणीशी अदलाबदल करा. मंगळवारी दुपारी तिची मुलं माझ्याकडे, शुक्रवारी माझी तिच्याकडे. जबलपूरला आम्ही दोघींनी दोन वर्षं हे चालवलं. ती शिवणकाम करायची, मी लिहायची. कुणाचंच काम दुसरीपेक्षा मोठं नव्हतं.

हे सीमेवर असताना

फील्ड पोस्टिंगमध्ये आपण एकट्या असतो. बाहेरच्यांना वाटतं, आता काय, वेळच वेळ. खरं तर घरातली दोन माणसांची कामं एका माणसावर येतात आणि मन निम्मं दुसरीकडे असतं.

१९९९ च्या मे ते जुलै, कारगिलचं युद्ध चालू असताना मी गावी होते, थोरला दोन वर्षांचा. आळीत एका घरी टीव्ही होता. सगळ्या बायका तिथे बसायच्या आणि बातम्या संपल्या की एकमेकींकडे न बघता उठायच्या. त्या अडीच महिन्यांत मला कथेची एक ओळही लिहिता आली नाही. लिहिली ती फक्त आंतरदेशीय पत्रं, ५६ एपीओच्या पत्त्यावर. निळ्या कागदाच्या त्या घड्यांत घरची खुशाली, पावसाचं, गाभण म्हशीचं, मुलाच्या नव्या शब्दांचं, सगळं बसवायचं आणि काळजीचा एक शब्दही येऊ द्यायचा नाही. पुष्कळ वर्षांनी उमगलं, की कमी जागेत लिहिणं आणि एखादी गोष्ट न लिहिता ती वाचणाऱ्याला कळू देणं मी तिथेच शिकले.

म्हणून सांगते, चिंतेच्या दिवसांत स्वतःकडून जड काम मागू नका. हलका ढीग काढा. जुन्या कथेची पक्की प्रत करा, याद्या करा, पत्रं लिहा. हात चालता राहिला की पुरे. आणि त्या दिवसांबद्दल लिहिलंच, तर लगेच छापायला देऊ नका. निदान वर्षभर वही मिटून ठेवा. कच्च्या भीतीतून लिहिलेलं नंतर आपल्यालाच उघडं पडल्यासारखं वाटतं. तेच वर्षाने वाचलं तर त्यात कथा कुठे आहे ते दिसतं.

हे सुट्टीवर आल्यावर

फौजेत वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा असते, शिवाय किरकोळ रजा. घरी असलेले ते दिवस सोन्याचे. पहिला आठवडा वही उघडायची नाही, हा माझा नियम. पण त्यानंतर सगळी सुट्टी लेखन बंद ठेवण्याचीही चूक करू नका. दोन महिन्यांचा खंड पडला की पुन्हा हात बसायला तिसरा महिना जातो.

अडचण वेगळीच असते. आपलं घर त्यांच्यावाचून चालायला शिकलेलं असतं आणि परत आलेल्या माणसाला त्यात आपली जागा सापडत नाही. हे पहाटे उठून चहा करायचे, माझ्यासमोर कप ठेवायचे आणि बोलायला बसायचे. इतक्या महिन्यांनी आलेला माणूस, त्याला काय सांगणार? चार सुट्ट्या मी वही मिटून बोलत बसले आणि मनातून धुमसत राहिले. पाचव्या सुट्टीत म्हटलं, ‘अहो, सहा वाजेपर्यंत मी इथे नाही असं समजा.’

‘मग कुठे असतेस?’

‘एका बाईच्या घरी. तिचा नवरा हरवलाय आणि तिला पुढे काय करावं ते कळत नाहीये.’

हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तिला एकटीला सोडू नको.’ दुसऱ्या दिवसापासून थोरल्याला घेऊन ते पहाटे शिवाराकडे पळायला जाऊ लागले. मुलालाही वडील मिळाले. धुमसत राहिले, ती चार वर्षं फुकट गेली असं आता वाटतं. वेळ स्पष्ट शब्दांत मागा. हुकूम आणि वेळ पाळण्यात ज्याचं आयुष्य गेलंय, त्याला ठरलेल्या वेळेचा मान राखता येतो. तो अंदाजाने ओळखेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

काय लिहायचं नाही

इथे भिडस्तपणा नको, पक्के नियम हवेत. १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा फक्त वर्दीतल्या माणसाला नाही, तुम्हाआम्हालाही लागू आहे. पल्टनीचं नाव आणि ठिकाण एकत्र लिहायचं नाही. कोण कधी कुठून निघालं, कुठल्या मार्गाने गेलं, किती माणसं होती, यातलं काही लिहायचं नाही. गेट, पाट्या, गाड्यांचे नंबर, मागे दिसणारा तळ असलेला फोटो लेखासोबत द्यायचा नाही. फोटो आणि मजकूर मोबाइलवरून टाकताना ठिकाण दाखवण्याची सोय बंद ठेवा. २०२० साली लष्कराने आपल्या लोकांना ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती, यावरूनच या गोष्टीचं गांभीर्य ओळखा.

यजमानांचं नाव लेखक म्हणून लागणार असेल, तर त्यांना वृत्तपत्रात किंवा पुस्तकात लिहिण्यासाठी परवानगी लागते. १९५४ च्या सेना नियमांत तशी तरतूद आहे. तुमचा लेख तुमच्याच नावाने जाऊ द्या आणि नावापुढे ‘सुभेदार अमुक यांच्या पत्नी’ असं लावू देऊ नका. पाठवण्याआधी ह्यांना एकदा वाचायला द्या, पण कशासाठी ते ठरवून: ‘यात बाहेर जाऊ नये असं काही आहे का, एवढंच बघा.’ कथा चांगली आहे की नाही, हा निर्णय तुमचा.

दुसरा नियम कायद्यात नाही, पण मी तो तितकाच पाळते. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईचं दुःख ओळखू येईल असं लिहायचं नाही. तिने ते लेखिकेपाशी नाही, मैत्रिणीपाशी सांगितलेलं असतं. गाव बदला, वय बदला, मुलांची संख्या बदला आणि तरीही ती ओळखू येत असेल तर आधी तिला विचारा. वीरपत्नीबद्दल लिहायचं असेल, तर तिला वाचून दाखवल्याशिवाय एक ओळही छापायला देऊ नये. कॉलनीत आपण एकमेकींच्या आधारावर जगतो. तो विश्वास गमावून मिळवलेली कथा पचत नाही.

प्रती, पत्ता आणि करार

वह्या भिजल्यापासून मी तीन प्रतींचा नियम केला. एक आपल्याजवळच्या पिशवीत, एक माहेरी किंवा सासरी आणि एक ईमेलने स्वतःलाच पाठवलेली. हाताने लिहीत असाल तर बॉलपेन वापरा, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दर रविवारी पानांचे मोबाइलवर फोटो काढा. टंकलेखन युनिकोडमध्ये करा, म्हणजे फाइल कुठल्याही संगणकावर उघडते. टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाइलला मराठीत बोलून लिहायला लावा आणि मग दुरुस्त करा. दीड हजार शब्दांचा लेख मी अशा रीतीने दोन बैठकींत उतरवते.

संपादक आणि प्रकाशकांना क्वार्टरचा पत्ता देऊ नका. अंक छापून येईपर्यंत तुम्ही तिथे नसता. गावचा कायमचा पत्ता द्या, बँकेचं खातं स्वतःच्या नावाने ठेवा आणि एक वही फक्त व्यवहाराची करा: काय, कुठे, कधी पाठवलं, उत्तर आलं का, मानधन आलं का. ‘साभार परत’ आलेल्या लेखाचीही नोंद करा आणि आठवड्याच्या आत तो दुसरीकडे पाठवा.

पहिलं पुस्तक निघताना आनंदाच्या भरात आपण कुठेही सही करतो. थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेल्याचा पहिला हक्क लेखकाचाच असतो आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून आवृत्ती किती प्रतींची, मुदत किती, मानधन किती टक्के आणि कधी, ऑडिओ व अनुवादाचे हक्क कुणाकडे, एवढं वाचल्याशिवाय सही नको. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

मराठीपासून लांब राहताना

पंजाबात तीन वर्षं काढल्यावर माझ्या वाक्यांत हिंदी शिरली. ‘मला माहीत पडलं’ असं मी लिहून गेले आणि संपादकांनी त्याखाली रेघ मारून पाठवलं. तेव्हापासून रोज रात्री मुलांना एक मराठी पान मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं. त्यांच्या शाळेत मराठी नव्हती. त्यांची मराठी टिकली आणि माझी वळणावर आली. शहरात महाराष्ट्र मंडळ असेल तर पहिल्याच महिन्यात तिथलं वाचनालय गाठा. आणि दर आठवड्याला गावी फोन करून थोरल्या माणसांना बोलू द्या. बोली पुस्तकांपेक्षा त्यांच्याकडून जास्त मिळते.

हा खटाटोप कशासाठी

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. मी तिथे उभी राहिले, तेव्हा मनात आलं, या माणसांच्या घरी तेव्हा काय झालं असेल? तार कुणी वाचून दाखवली, त्या वर्षी पेरणी कुणी केली, लहानग्यांना काय सांगितलं? ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही, कारण ज्यांना ते ठाऊक होतं त्या बायकांच्या हाती लेखणी नव्हती. आपल्या हाती आहे. वाट बघणाऱ्या घराची हकिगत आपण लिहिली नाही, तर आपल्यामागे ती कुणालाही ठाऊक नसेल.

ह्यांच्या निवृत्तीनंतर देवळालीहून गावी निघालो. सगळं सामान ट्रकमध्ये गेलं. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती: तिकिटं, पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा आणि वही. नाशिक मागे पडलं तेव्हा त्या दिवसाच्या पाच ओळी लिहून झाल्या होत्या. तुमची पुढची बदली कधी आहे, मला ठाऊक नाही. पण पहिल्या ट्रंकेला कुलूप घालण्याआधी वही बाहेर काढा आणि पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा.